खडी कोरडी, माती चिंब

प्रश्न : कुंडीत पाणी साचू नये म्हणून तळाशी चार बोटं खडी घातली आणि वर माती भरली. भोकही मोकळं आहे. तरी मुळं कुजली. खडी कमी पडली का? पुढच्या वेळी दुप्पट घालू?

उत्तर : दुप्पट घातलीत तर मुळं आणखी लवकर कुजतील. मीही कितीतरी वर्षं खापऱ्या आणि खडी भरत होते. एकदा मेलेलं रोप काढायला कुंडी उपडी केली, तर मातीचा गोळा अख्खा बाहेर आला. खडी जवळजवळ कोरडी, आणि तिला टेकलेली माती अशी चिंब, की मुठीत दाबल्यावर बोटांमधून पाणी गळायला लागलं.

मातीतली पोकळी जितकी बारीक, तितकी ती पाणी घट्ट धरते. १ मिलिमीटर रुंद काचेच्या नळीत पाणी जेमतेम ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर. खडीतल्या फटी एवढ्या मोठ्या, की त्यांना ही ओढ नाहीच म्हणा ना. त्यामुळे वरची माती तळाशी तुडुंब भरेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही. म्हणजे खडीने निचरा होत नाही, उलट चिंब थर चार बोटं वर, मुळांपाशी येतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडगर बकिंगहॅम यांनी ही ओढ १९०७ मध्ये गणितात बसवली. आपण अजून खापऱ्याच गोळा करतोय!

पटत नसेल तर स्पंजची वडी पाण्यात बुडवून आडवी धरा. ठिबकणं थांबलं की न दाबता उभी करा. पुन्हा धार लागेल. वडी आडवी असो वा उभी, तळाच्या चिंब थराची जाडी साधारण तेवढीच राहते. उंची वाढली की वरचा भाग मोकळा होतो. म्हणून उथळ कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी.

खडी काढून टाका, भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा. माती चिकण असेल तर कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळा. मूठभर वाळूने काही साधत नाही, कारण वाळूच्या कणांमधल्या जागा चिकणमातीच भरून टाकते. पुढचं पाणी वाफसा आल्यावरच द्या. मोठ्या पोकळ्यांत हवा शिरलेली आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकलेली, तो वाफसा. दोन पेरं बोट खुपसून पाहा : गार लागलं, पण चिखल चिकटला नाही, की समजा आला.

काढलेली खडी कुंडीखाली पसरा, भोक जमिनीला टेकून बुजणार नाही.