मागणी वक्र शिकवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

अर्थशास्त्राची पदवी आहे, शिक्षक-प्रशिक्षणही संपत आलंय, तरी नववी-दहावीच्या वर्गासमोर उभं राहायची धाकधूक जात नाही, असं लिहिलंस. रास्तच आहे ती. पदवीनं तुला विषय दिला, प्रशिक्षणानं पाठ टाचण, उद्दिष्टं आणि मूल्यमापन. पण या विषयात मुलं नेमकी कुठे अडखळतात, हे दोन्हीकडे राहून गेलं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या मधल्याच ज्ञानाकडे बोट दाखवलं होतं. आशयाचा एक आणि पद्धतीचा एक पेपर सोडवून ते हाती लागत नाही.

मागणी वक्रच घे, म्हणजे कोणत्या किंमतीला किती मागणी असेल ते दाखवणारी रेषा. ज्याच्यामुळे बदल होतो ती राशी आडव्या अक्षावर, हे मुलं गणितात शिकून येतात. तुझ्या तासाला मात्र किंमत उभ्या अक्षावर! ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथात आकृत्या तशा काढल्या आणि तीच वहिवाट पडली. (त्यांच्यापुरतं ते सुसंगत होतं. एवढ्या नगांना ग्राहक किती किंमत देईल, असा त्यांचा प्रश्न होता.) हे वर्गात उघड सांग. नाहीतर ज्याला शंका आली तोच गप्प बसतो आणि आकृती पाठ करतो.

मागणीचा विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास यांच्या व्याख्या सगळ्यांना येतात, फरक थोड्यांनाच कळतो. फळ्यावर लिही: ‘किंमत वाढली, म्हणून मागणी घटली, म्हणून किंमत पुन्हा उतरली.’ यातली चूक त्यांनाच शोधू दे. किंमत बदलली की आपण त्याच वक्रावर सरकतो, तो विस्तार-संकोच; उत्पन्न किंवा आवड बदलली की वक्रच जागा सोडतो, ती वृद्धी-ऱ्हास. यात अख्खा तास गेला तरी जाऊ दे. बाजाराच्या प्रकारांचा तक्ता ती घरी वाचतील.

समतोल किंमत, म्हणजे जिथे मागणी आणि पुरवठा जुळतात ती, आकृतीनं सुरू करू नकोस. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांनाच ग्राहक आणि विक्रेते बनवून वर्गात बाजार भरवला, त्याचा लेख १९४८ चा. सौदे अपेक्षेपेक्षा जास्त झाले आणि भाव समतोलाच्या खाली राहिले. अशाच बाजारात विद्यार्थी म्हणून उतरलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे नियम बदलले. बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी लावायची आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. भाव समतोलाकडे सरकू लागले. १९६२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, २००२ चं नोबेल त्याच वाटेवरचं.

तुला लागतील फक्त चिठ्ठ्या. ग्राहकाच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती द्यायचे, विक्रेत्याच्या चिठ्ठीवर कमीत कमी किती घ्यायचे. प्रत्येक सौद्याचा भाव फळ्यावर मांडत जा आणि वक्र सगळ्यात शेवटी काढ. सराव पाठाच्या ठरलेल्या वेळेत हे बसणार नाही, निरीक्षक कदाचित शेरा मारतील. मारू देत.

पहिल्या बाजाराचे भाव मला कळव. जुळले नाहीत, तर बोली कशी लावायला सांगितली होती, तेही लिही.