शिक्षण वाढलं की पगारातली दरी कमी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्या देशात लोक जास्त शिकलेले, तिथे पगारातली तफावत कमी असायला हवी. मग अमेरिकेत एवढे पदवीधर असून दरी एवढी मोठी का? आणि दक्षिण कोरियात बहुतेक पोरं कॉलेजला जातात, तरी तिथे ओरड का?

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) पगारपत्रकं बघतो. शिवाजी विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि वाचनाची सवय सुटली नाही, एवढीच माझी लायकी. माझं मत असं की शिक्षणाने दरी कमी होते, पण लगेच नाही आणि आपोआप तर नाहीच. देशादेशांतला खरा फरक दिसतो तो डिग्री नसलेल्याच्या पगारात.

आधी साधं गणित. दहा माणसं, कोणीच शिकलेलं नाही, सगळ्यांना सारखी मजुरी. विषमता शून्य. त्यातले दोघे शिकले, चांगल्या पगाराला लागले की विषमता आली. चौघे झाले की आणखी वाढली. नऊ-दहा शिकले की पुन्हा खाली. म्हणजे शिक्षण पसरायला लागलं की आकडे आधी बिघडतात. दुसऱ्या बाजूने, शिकलेल्यांची संख्या वाढते तसा त्यांचा भावही उतरतो. यात जोर कशाचा जास्त? १९८०च्या सुमारास नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या कामगारांची तुलना झाली होती. केनियाने माध्यमिक शाळा भराभर वाढवल्या होत्या, टांझानियाने जागा मोजक्याच ठेवल्या होत्या. केनियात भाव उतरण्याचाच जोर जास्त निघाला.

अमेरिकेचंही तेच, फक्त दोन टप्प्यांत. १९१० साली तिथे अठरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ९ टक्के हायस्कूल पूर्ण करत, १९४० पर्यंत निम्मी करू लागली. शिकलेल्या-न शिकलेल्यातलं अंतर त्या काळात घटलं. १९८० नंतर उलटं झालं. कॉम्प्युटरमुळे पदवीधरांची मागणी वाढत गेली, पण पदवीधर त्या वेगाने तयार होईनात. तंत्रज्ञान आणि शिक्षण यांची ही शर्यत डच अर्थतज्ज्ञ टिंबर्गेन यांनी मांडली (१९६९चं अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल, फ्रिश यांच्यासोबत). क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी ती अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या आकड्यांवर तपासली.

पण एवढ्यावर थांबलं तर स्वीडन समजत नाही. कॉम्प्युटर तिथेही आले. तरी कौशल्य वाढलं म्हणून पगार किती वाढतो, याची तुलना झाली तेव्हा अमेरिका सगळ्यात वर आणि स्वीडन-नॉर्वे तळाशी निघाले. कारण स्वीडनमध्ये १९५०च्या दशकापासून युनियन आणि मालकांच्या संघटना देशभराचे पगार एकत्र बसून ठरवत. सारख्या कामाला सारखा पगार, मग तो तुमच्या कारखान्याला परवडो न परवडो. ज्याला परवडत नाही त्याने बंद करावं, सरकार कामगाराला दुसरं काम शिकवेल. १९८३ पासून हे सैल झालं, तरी आजही दहातल्या नऊ कामगारांना सामूहिक करार लागू आहे. गंमत म्हणजे तिथे किमान वेतनाचा कायदाच नाही. अमेरिकेत कायदा आहे, पण केंद्राचा दर २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर अडकलाय.

हे मला महिन्याच्या महिन्याला दिसतं. आमच्या फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग (ओतीव भाग) घासून साफ करायच्या विभागात, ग्राइंडर धरून दोन पोरं शेजारी शेजारी उभी असतात. दोघंही बारावी, काम एकच, धूळ एकच. एक कंपनीच्या रोलवर, दुसरा ठेकेदाराच्या हजेरीवर. युनियनचा करार झाला की वाढ पहिल्याला, दुसऱ्याचा दर ठेकेदार ठरवणार. भट्टीवरचा आमचा जुना मेल्टर दहावी नापास आहे, पण स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट हातात यायच्या आधी धातूत काय कमी पडलंय ते सांगतो. त्याचा पगार नव्या बी.ई. ट्रेनीपेक्षा जास्त आहे, आणि ट्रेनींना ते पटत नाही. शिक्षणाच्या कुठल्याच रकान्यात ही दोन अंतरं बसत नाहीत.

भारताची अडचण वेगळी, आपण आधी कळस मग पाया केला. १९५१ साली साक्षरता १८ टक्के होती आणि त्याच वर्षी खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली. (शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं, मूल शाळेत न घालणाऱ्या बापाला दंड होता. देशाचा शिक्षण हक्क कायदा लागू झाला २०१० मध्ये.) वर मोजके उच्चशिक्षित, खाली प्रचंड गर्दी, मग दरी राहणारच. आता पदव्या वाढल्यात, तर नोकऱ्या नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ मध्ये आपल्या तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४. याचा अर्थ न शिकणं बरं, असा काढू नका. न शिकलेल्याला बेकार बसणंच परवडत नाही, मिळेल त्या मजुरीवर तो उभा राहतो.

राहिला कोरिया. तिथे पंचविशी ते चौतिशीतले सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक पदवी किंवा पदविकावाले आहेत. सगळ्यांकडेच कागद असल्यावर कागदाने फरक पडत नाही, फरक पडतो तो मोठ्या कंपनीत कायम आहात की तिला माल पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत कंत्राटी, यावर. म्हणून तिथली पोरं नामांकित विद्यापीठासाठी क्लासला जिवाचं रान करतात. आमच्याकडेही एकाच वर्गातून बी.ई. झालेली दोन मुलं असतात, एक पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये, दुसरा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये कास्टिंग तपासतोय.