मराठवाड्यात एवढी गुंतवणूक येतेय, तरी गावाकडचे लोक नाराज का?

तुम्ही पुण्यात राहता, टोयोटा आणि महामार्गांच्या बातम्या वाचता आणि विचारता की मग कुरकुर कशाची. मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, आडतीच्या (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या) दुकानाचे हिशेब बघतो, त्यामुळे मला दिसतं ते इथून दिसतं.

टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये सुमारे 20 हजार कोटींचा सामंजस्य करार केला, तो संभाजीनगरजवळच्या बिडकीनसाठी. एथरच्या स्कूटरचा प्रकल्पही तिथलाच. आनंदच आहे. पण सही झाल्यापासून पहिली गाडी बाहेर पडेपर्यंत वर्षं जातात, आणि औशाच्या किंवा सेनगावच्या घरात पैसा अजून सोयाबीनचाच येतो.

सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. दिवाळीच्या सुमाराला मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली होता. लोक म्हणतात व्यापारी लुटतात. मी त्याच गोटातला, हे धरूनच पुढचं वाचा. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के, बाकी सगळी पेंड. म्हणून भाव पेंडीच्या उठावावर हलतो. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पोल्ट्रीवाल्यांना स्वस्त पडू लागला आणि पेंडीचं गिऱ्हाईक तुटलं. त्यात केंद्राने मे 2025 अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. म्हणजे तेलाकडूनही आधार गेला.

वर सप्टेंबर 2025 चा पाऊस. शेंगा काळ्या पडल्या, नदीकाठच्या रानातली मातीसुद्धा वाहून गेली. हमीभाव केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. माल वाळवायला ऊन नाही आणि हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे आजच पाहिजेत, असा माणूस मिळेल त्या भावात माल घालून मोकळा होतो. राज्याने ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पण तो आकडा अख्ख्या राज्याचा, आणि त्यात रस्ते-पुलांच्या दुरुस्तीचा पैसाही धरलेला.

कापसाचं वेगळं नाही. 11 टक्के आयातशुल्क ऑगस्ट ते डिसेंबर 2025 माफ होतं, म्हणजे नेमकं वेचणीच्या दिवसांत बाहेरच्या कापसाला दार उघडं.

चांगली बातमी विचाराल तर बीडची रेल्वे. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली. पुढे परळीपर्यंतचं काम बाकी होतं, पण बीडमध्ये गाडी आली याचंच लोकांना अप्रूप.

राहिला शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी, मूळ आखणीत 802 किलोमीटर. त्या आखणीत संभाजीनगर आणि जालना सोडले तर मराठवाड्यातले सगळे जिल्हे येतात. बागायती जमीन जाणार म्हणून मोर्चे निघाले. मोबदल्याकडे डोळे लावून बसलेलेही आहेत, फक्त ते चारचौघांत बोलत नाहीत. तुमची या पट्ट्यात जमीन असेल तर गट नंबर आखणीत येतो का, ते प्रांत कार्यालयात विचारून घ्या. आखणी बदलण्याची चर्चा वरचेवर होते, तेव्हा एकदा विचारून भागणार नाही.