डेंग्यूत प्लेटलेट ठीक असताना दर सहा तासांनी हिमॅटोक्रिट कशाला?

रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतोय का, हे प्लेटलेटवरून नाही, हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीवरून कळतं; म्हणून बेळगावचे डॉक्टर तुमच्या भावाचा हिमॅटोक्रिट सारखा तपासताहेत. द्रव बाहेर गेला की रक्त दाट होतं. 40 चे 48 झाले, म्हणजे 20 टक्के वाढ, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ती गळतीची खूण आहे. गळती बहुधा ताप उतरतानाच वाढते आणि 24 ते 48 तास टिकते, त्यामुळे ताप गेला म्हणून खानापूरला घरी न्यायची घाई कृपा करून करू नका. ही गळती थांबवणारं सिद्ध औषध अजून नाही. सलाईन मोजूनच द्यावं लागतं, जास्त झालं तर फुफ्फुसाभोवती पाणी साचतं. मात्र आत रक्तस्राव असेल तर हिमॅटोक्रिट फसवतो, म्हणून नाडी, रक्तदाब, लघवीही बघतात.