पीडीएफ मिटव, फराळाची वही काढ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, तेव्हा मी गाढ झोपले होते. सकाळी चहा घेताना वाचला. पहिल्या कंपनीची पर्सनॅलिटी टेस्ट दिलीस, दोन दिवसांनी नकाराचा ठरावीक मेल आला आणि आता शुक्रवारी दुसऱ्या कंपनीची टेस्ट आहे. सोबत १९९ रुपये देऊन घेतलेली 'आदर्श उत्तरां'ची पीडीएफ जोडलीस आणि विचारलंस, "काकू, यातली कोणती पाठ करू?"

एकही नको. पैसे गेले ते गेले. हे मी फोनवरच सांगितलं असतं, पण तू निम्मं ऐकतेस आणि "हो काकू, कळलं" म्हणून मोकळी होतेस. म्हणून लिहून पाठवतेय.

आधी माझीच फजिती सांगते. पर्सोनेलमध्ये यायच्या आधीची, म्हणजे तुझ्या जन्माच्याही बरीच आधीची. (तेव्हा एचआर हा शब्द आमच्याकडे पोचला नव्हता.) एका कंपनीत लेखी टेस्ट होती, पेन्सिलीने खुणा करायच्या. मैत्रिणीकडून कळलं होतं की त्यांना 'धडाडीची' माणसं हवीत. झालं! 'अनोळखी लोकांशी बोलायला मला आवडतं', हो. 'वाद झाला तरी मी मागे हटत नाही', हो. दुकानदाराने सुट्टे पैसे कमी दिले तर मागायलाही भावाला पाठवणारी मी, त्या कागदावर अगदी झाशीची राणी झाले. आणि नोकरी मिळाली. काम काय, तर एसटीने सोलापूर-लातूरकडे जायचं आणि डीलरकडची थकलेली बिलं वसूल करायची. अकरा महिने काढले. दर रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा. कंपनीला दोष कसा देऊ? मी ज्या मुलीचं चित्र काढून दिलं तिला त्यांनी नोकरी दिली, आणि सोमवारी सकाळी तिच्या जागी मी हजर झाले.

पुढे सव्वीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसले. तिथून जे दिसलं ते सांगते.

या टेस्ट काही कालपरवाच्या नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकन सैन्यासाठी रॉबर्ट वुडवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'हो-नाही' प्रश्नांची यादी तयार करायला घेतली. तोफांच्या धडाक्यात कोणाचं मन ढासळेल हे आधी ओळखता यावं, एवढाच हेतू. ती पुरी होईतो युद्ध संपत आलं, पण प्रश्नावलीची कल्पना राहिली आणि पुढे ऑफिसांत शिरली. आज नोकरीसाठी ज्या टेस्ट घेतात त्यातल्या बऱ्याच जणींच्या मुळाशी पाच गोष्टी असतात: नव्याची ओढ, कामातला नेटकेपणा, लोकांत रमणं, जुळवून घेणं आणि मनाची चलबिचल. नावं बदलतात, रंगीत चक्रं आणि आलेख बदलतात, आत बहुतेक हेच.

या पाचांपैकी तुझ्या कामाची कोणती? १९९१ साली बॅरिक आणि माउंट या दोन संशोधकांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं. नेटकेपणा, म्हणजे हातातलं काम वेळेत आणि नीट पुरं करण्याची सवय, हा एकच गुण त्यांनी पाहिलेल्या सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला. लोकांत रमणं उपयोगी पडलं ते मुख्यतः विक्रीत आणि व्यवस्थापकांच्या कामात. तू अर्ज केलायस खरेदी विभागात, बिलं आणि चलनं ताडून पाहायच्या कामाला. तुझी ती पीडीएफ मात्र सगळ्यांना सरसकट 'बोलका, धाडसी, नेतृत्व करणारा' बनवते. तुला कोणी नेता व्हायला बोलावलेलं नाही गं. जाहिरात पुन्हा वाच, त्यात रोजचं काम काय लिहिलंय ते बघ. माझ्या मते तयारीतला निम्मा भाग तोच आहे.

मध्येच एक सांगून टाकते, कारण तू मागे चार इंग्रजी अक्षरांचा तुझा 'टाइप' मला पाठवला होतास आणि त्यावर फार खूश होतीस. मायर्स-ब्रिग्ज म्हणतात ती ती टेस्ट. माणसं निवडण्यासाठी ती वापरू नये, असं ती काढणारी कंपनी स्वतःच सांगते. वर्णन वाचून "अगदी मीच!" असं वाटतं, त्याचंही फार कौतुक नको. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक उतारा दिला. मुलांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण दिले. मग त्याने सांगितलं, उतारा सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्यं त्याने राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. आपल्याकडचे पोपटवाले हे प्राध्यापकाच्या आधीपासून ओळखून आहेत.

आता तुझ्या पहिल्या टेस्टकडे वळते. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे, एक म्हणजे अजिबात असहमत, पाच म्हणजे पूर्ण सहमत. फोनवर तू म्हणालीस, "मी बहुतेक ठिकाणी मधलंच मारलं, तीन नंबर." का मारलंस, तर "पाच मारलं की आपणच आपली टिमकी वाजवल्यासारखं वाटतं." मी टेबलाच्या पलीकडे होते तेव्हा आपल्या पोरांचं हे फार पाहिलं. खोटं बोलून बाद होणारे असतात, पण संकोचाने मागे राहणारे मला जास्त दिसले, त्यातही मुली. घरी शिकवलेलं असतं, आपली स्तुती आपण करू नये. पाहुण्यांसमोर ठीक आहे ते. टेस्टमध्ये मात्र तुझं उत्तर सुटं मोजत नाहीत, आधी ती टेस्ट दिलेल्या मोठ्या गटाच्या उत्तरांशेजारी ठेवून बघतात. 'मी हातातलं काम पूर्ण करते' या वाक्याला बहुतेक उमेदवार 'सहमत' म्हणतात. त्यामुळे तुझं तीन मध्यावर राहत नाही, घसरून खाली जातं. तुला वाटतं आपण विनय दाखवला. अहवालात उमटतं की ही मुलगी कामं अर्धवट सोडते.

आणि तू? दिवाळीत तुझ्या आईच्या फराळाच्या ऑर्डरची वही कोण लिहितं? निळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्याने पेन बांधलेली. मी पाहिली आहे ती. एका रकान्यात नाव, पुढे चकली किती, शंकरपाळी किती, मग ॲडव्हान्स, मग बाकी, आणि शेवटी डबा परत आला का त्याची खूण. गेल्या दिवाळीत माझा डबा आला नव्हता तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन, "काकू, स्टीलचा, पिवळ्या झाकणाचा." ही मुलगी 'मी कामात काटेकोर आहे' या वाक्यापुढे तीन मारते? कमाल आहे.

म्हणून शुक्रवारपर्यंत एवढंच कर. ती वही समोर घेऊन बस. कॉलेजचा प्रोजेक्ट, गणपतीत सांभाळलेली वर्गणी, आजी दवाखान्यात होती तेव्हाचे ते दहा दिवस, सगळं आठव. काय निभावलंस, कुठे चिडलीस, कुठे हात टेकलेस, ते दोन पानांत मराठीतच लिहून काढ. टेस्टमध्ये एखादं वाक्य आलं की स्वतःला विचार, असा प्रसंग माझ्याकडे आहे का? दोन-तीन झटकन आठवले तर बेधडक टोकाचं उत्तर दे. एकही आठवला नाही तर दुसऱ्या टोकाचं द्यायला कचरू नकोस. आणि उत्तर देताना कामावरची तू डोळ्यापुढे ठेव. घरी आईशी वाद घालणारी तू वेगळी, तिच्याबद्दल कंपनी विचारत नाही.

भाषेचं मात्र जपून. टेस्ट इंग्रजीत आहे आणि तू दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलीस. 'आय ॲम सेल्डम अँक्शस' असं वाक्य घाईत वाचलं की डोळ्यात 'अँक्शस' भरतो आणि 'सेल्डम' निसटतो. सेल्डम, रेअरली, हार्डली हे तिन्ही 'क्वचितच'वाले. ते दिसले की थांब, वाक्य मनात मराठीत उलट आणि मगच खूण कर. 'ॲसर्टिव्ह' म्हणजे भांडखोर नाही. आपलं म्हणणं न घाबरता, आवाज न चढवता मांडणारी. 'ॲम्बिशस'ला आपल्याकडे, विशेषतः मुलीच्या बाबतीत, किंचित वाईट वास येतो. त्यांच्याकडे येत नाही. मराठी किंवा हिंदीत टेस्ट मिळते का, हे मेल करून विचारायलाही हरकत नाही. विचारलं म्हणून कोणी मार्क कापत नाही.

काही टेस्टमध्ये तीन-चार वाक्यं एकत्र देतात आणि म्हणतात, सर्वांत जास्त लागू पडणारं एक निवडा, सर्वांत कमी लागू पडणारं एक निवडा. सगळीच चांगली असतात, तिथेच माणूस अडकतो. 'मी लोकांना मदत करते', 'मी आकडे तपासते', 'मी नवे मार्ग शोधते'. 'सर्वांत कमी'वर खूण केली म्हणजे तो गुण तुझ्यात नाही असं होत नाही, बाकीच्यांपेक्षा कमी एवढंच. फार घोळू नकोस. वही आठव, पुढे जा.

पीडीएफमधली उत्तरं का नकोत, त्याचं आणखी एक कारण. कित्येक टेस्टमध्ये मुद्दाम पेरलेली वाक्यं असतात: 'मी कधीच खोटं बोललेले नाही', 'मला कधीच कोणाचा राग येत नाही'. १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी छापलेल्या प्रश्नावलीत अशी १५ वाक्यं होती. जो सगळीकडे साधुसंत बनतो त्याच्या बाकीच्या उत्तरांकडेही संशयाने पाहायचं, हा त्यामागचा हिशोब. शिवाय तीच गोष्ट चाळीस प्रश्नांनंतर वेगळ्या शब्दांत विचारतात. पाठ केलेलं तिथे फाटतं. टेस्टमधून निसटलं तरी पुढे मुलाखत आहेच. माझ्यासमोर एक मुलगा आला होता. अहवालात निर्णयक्षमता, धाडस, सगळं शिगोशीग. मी विचारलं, "साहेबांचं न पटल्यावर तुम्ही स्वतःचा निर्णय घेतला, असा एक प्रसंग सांगा." त्याने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. प्रसंगच नव्हता. पोरगा हुशार होता हो, एरवी घेतलाही असता.

तुझ्या मामेभावाला विचार, तो एसएसबीला, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडतात तिथे, गेला होता. तिथला प्रकार आणखी कडक. शब्दामागून शब्द येतात, एकूण ६०, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. चित्र ३० सेकंद दाखवतात आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. पहिल्या खेपेला तो क्लासमधून गोष्टी घोटून गेला, आणि प्रत्येक गोष्टीतल्या नायकाने पुरातून गाव वाचवलं. एवढे पूर एका दिवसात! दुसऱ्या वेळी त्याने स्टँडवरच्या, शेतावरच्या, स्वतःच्या गोष्टी लिहिल्या. निवड झाली ती त्यामुळेच असं मी म्हणणार नाही, पण परत आला तेव्हा झोप झालेला माणूस दिसत होता.

शुक्रवारी लॅपटॉपला चार्जर लावूनच बस. मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेव, कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ देत, दादाला शेजारी बसवू नकोस. तो मदतीच्या नावाखाली स्वतःचीच टेस्ट देईल. आणि टेस्टसाठी कोणी 'फी' मागितली तर तिथेच लिंक बंद कर, ती नोकरी नव्हेच.

नकार आला तर? येऊ शकतो. एका जागेला शंभर अर्ज असतात, कधी टेस्टच्या आधीच माणूस ठरलेला असतो, आणि खरं सांगायचं तर काही कंपन्यांना आपण ही टेस्ट का घेतो हेही नीट माहीत नसतं. मी स्वतः अशी एक टेस्ट चार वर्षं चालवली आणि नंतर तिचे आकडे आणि माणसांचं प्रत्यक्ष काम शेजारी ठेवून बघितलं तेव्हा ओशाळले. तेव्हा तो मेल म्हणजे तुझ्या स्वभावाचं प्रगतिपुस्तक आहे असं समजून रडत बसू नकोस. मागच्या वेळी बसली होतीस, आईने सांगितलं मला.

टेस्ट झाल्यावर कोणत्या प्रश्नाला काय मारलं ते मला कळवू नकोस, फक्त जेवलीस का ते कळव. आणि यंदाच्या वहीत माझं नाव आत्ताच घाल: चकली एक किलो, अनारसे अर्धा. ॲडव्हान्स आल्याशिवाय तू लिहीत नाहीस हे माहीत आहे. गूगल पे केलंय, बघून घे.

तुझी,
काकू