कोअर, कोर की कॉर्प्स?

प्रश्न असा आला आहे: "लडाखच्या बातम्यांत 'कोअर कमांडर स्तरावरील चर्चा' असं वाचत होतो. कोअर म्हणजे गाभा ना? मग हा काय सैन्याच्या गाभ्याचा कमांडर? दुसरीकडे 'चिनार कॉर्प्स' लिहिलेलं असतं, तिसरीकडे 'कोर मुख्यालय'. हे सगळं एकच का? आणि याला मराठी शब्द नाही का?"

एकच आहे. शब्द फ्रेंच, इंग्रजीमार्गे आलेला. लिहिताना त्याच्या शेपटाला प आणि स लागतात, बोलताना दोन्ही गिळायचे असतात. ते गिळले की इंग्रजीत तो 'गाभा' या अर्थाच्या शब्दाशी तंतोतंत जुळतो. मराठीत आपण कानाला ऐकू येईल तसं लिहितो, त्यामुळे दोघांचंही लेखन 'कोअर' झालं. कोअर कमिटी आणि कोअर बँकिंग रोज वाचणाऱ्याला हा कमांडर गाभ्यातला वाटला, तर त्यात त्याची काही चूक नाही.

'कॉर्प्स' मात्र लिहू नये. ते दोन वर्ण उच्चारले की इंग्रजी कानाला 'प्रेत' ऐकू येतं. २०१० साली बराक ओबामांनी एका भाषणात अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय सहाय्यकाच्या 'कोअरमन' या हुद्द्यातले हे प-स उच्चारले आणि लोकांनी ते फार दिवस लक्षात ठेवलं. गंमत म्हणजे प्रेत आणि सैन्याचा हा भाग यांचं मूळ एकच आहे: लॅटिन 'कॉर्पस', म्हणजे शरीर.

हा कॉर्पस आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत "बिल्डर कॉर्पस किती देतोय?" असं विचारतात तो हाच. कोर्टातला हेबिअस कॉर्पस हाच, आणि कॉर्पोरेशनातला कॉर्पोरेटरही त्याच घरातला. अनेक मिळून एक देह बनलेलं काहीतरी, ही कल्पना सगळीकडे समान आहे. व्युत्पत्तीवाले त्याचं नातं वैदिक 'कृप्' (रूप, आकार) शी लावतात.

सैन्याच्या तुकड्याला शरीर का म्हणायचं, हे नेपोलियनकडे पाहिल्यावर कळतं. त्याने आपली अवाढव्य फौज अशा देहांत विभागली की प्रत्येकाकडे स्वतःचं पायदळ, घोडदळ, तोफा, इंजिनिअर आणि रसद असेल. चालताना वेगवेगळ्या रस्त्यांनी जायचं, म्हणजे एकाच मुलखातलं धान्य सगळ्यांनी ओरबाडायला नको. ज्याची शत्रूशी आधी गाठ पडेल त्याने बाकीचे येईपर्यंत तग धरायचा. १८०५ साली त्याच्या मोठ्या सैन्यात असे सात देह होते. पुढच्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आउअरश्टेटला मार्शल दावूच्या तिसऱ्या कोअरची गाठ प्रशियाच्या मुख्य सैन्याशी पडली, आणि दुपटीहून मोठ्या त्या सैन्याचा पराभव तिने एकटीनेच केला. हात तोडला तर हात लढत नाही, ही कोअर लढली. म्हणून तिला अवयव न म्हणता शरीर म्हणायचं.

इथपर्यंत सोपं आहे. घोळ पुढे आहे, कारण भारतीय सैन्यात हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात.

माझे एक मामा सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या संदेशवहनाच्या शाखेतून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. लहानपणी त्यांची आंतर्देशीय पत्रं यायची. पाठवणाऱ्याच्या रकान्यात नाव, नंबर, युनिट आणि खाली '९९ एपीओ', म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा (आर्मी पोस्ट ऑफिस) क्रमांक. गाव नाही, जिल्हा नाही. आजी पोस्टमनला विचारायची, हे नव्व्याण्णव कुठं आलं? मामा सुट्टीवर आले की म्हणायचे, "मी कोर सिग्नलमध्ये आहे." मी मोठा झाल्यावर एकदा विचारलं, म्हणजे कोर ऑफ सिग्नल्स ना? ते हसले. "अरे, कोर ऑफ सिग्नल्समध्ये तर सगळेच सिग्नलवाले. मी कोरच्या सिग्नल रेजिमेंटमध्ये."

त्या वाक्यात दोन्ही अर्थ आहेत. पहिली कोअर म्हणजे शाखा, व्यवसायाने बांधलेली बिरादरी. सिग्नल्स, इंजिनिअर्स, आर्मी मेडिकल कोअर, आर्मर्ड कोअर या त्यातल्या. सिग्नल्सची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ची. तिचं एक प्रशिक्षण केंद्र जबलपूरला, एक गोव्यात. रणगाडेवाल्यांचं घर नगरला, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअरांचं खडकीला. या कोअरची माणसं देशभर विखुरलेली असतात. ती कोअर म्हणून एका ठिकाणी उभी राहून लढत नाही. (सिग्नल्सचं बोधवाक्य 'तीव्र चौकस' आहे. हिंदीत चौकस म्हणजे सावध. मराठीत चौकस म्हणजे शेजारच्या घरी कोण आलं याची विचारपूस करणारा. मामा दोन्ही अर्थांनी चौकस.)

दुसरी कोअर म्हणजे लढणारी रचना, बातम्यांत येते ती. सेक्शन, प्लाटून, कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन असं चढत गेलं की डिव्हिजनच्या वर कोअर आणि तिच्या वर कमांड. म्हणजे पुण्याचं सदर्न कमांड हे कोअरच्या वरचं घर. कोअरचा प्रमुख लेफ्टनंट जनरल असतो, आणि कोअर कमांडर तो हाच. ६ जून २०२० रोजी लडाखच्या सीमेवर चुशूल-मोल्डोला चिनी अधिकाऱ्यांसमोर बसलेले लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग लेहच्या १४व्या कोअरचे प्रमुख होते. अलीकडच्या दोन मराठी लष्करप्रमुखांनीही आधी कोअर सांभाळलेली आहे: मनोज नरवणे यांनी अंबाल्याची दुसरी, मनोज पांडे यांनी तेजपूरची चौथी.

क्रमांकांवरून मात्र काही अनुमान काढू नका. सुकन्याला (हे सिलिगुडीजवळचं गाव, मुलगी नव्हे) ३३वी कोअर आहे, म्हणून देशात ३३ कोअर आहेत असं नाही. आहेत त्या याच्या निम्म्याही नाहीत. पाचवी, सहावी शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. काही क्रमांक ब्रिटिश काळातून आले आहेत. १९४४ मध्ये इंफाळला चौथी आणि कोहिमाला तेहतिसावी लढत होती, स्वतंत्र भारताने तेच आकडे पुन्हा उभे केले.

आता प्रश्नातल्या 'मुख्यालय'कडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. बटालियनमधली माणसं कायमची तिची असतात. कोअरचं तसं नसतं. तिच्याकडे स्वतःचे म्हणून थोडे तोफखानेवाले, इंजिनिअर, सिग्नलवाले असतात. डिव्हिजनी मात्र गरजेप्रमाणे दिल्या जातात आणि काढूनही घेतल्या जातात. कायम टिकतं ते मुख्यालय. हात-पाय बदलता येणारं, डोकं तेवढं ठरलेलं असं हे शरीर आहे. कोअर 'उभी करणं' म्हणजे आधी मुख्यालय उभं करणं.

याची सगळ्यात बोचरी गोष्ट चौथ्या कोअरचीच. १९६२च्या शरद ऋतूत नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) शिलाँगच्या ३३व्या कोअरकडे होता. तिचे कमांडर उमरावसिंग सांगत होते की सीमेवरच्या थागला कड्यावरून चिन्यांना हटवायचं तर रस्ते, रसद, वेळ लागेल. दिल्लीला वेळ द्यायचा नव्हता. मग ४ ऑक्टोबरला नवी चौथी कोअर निर्माण करून नेफा तिच्या हवाली केला आणि लेफ्टनंट जनरल ब्रिजमोहन कौल यांना प्रमुख नेमलं. कागदावर कोअर झाली. प्रत्यक्षात तिच्याकडे पुरेसा स्टाफ नव्हता आणि जोडून घ्यावं असं सैन्यही फारसं नव्हतं. त्यात कौल आजारी पडून दिल्लीला गेले आणि काही दिवस घरच्या बिछान्यातूनच कोअर चालवत राहिले. २० ऑक्टोबरला हल्ला झाला तेव्हा कोअर मुख्यालय तेजपूरला आणि कोअर कमांडर दिल्लीत. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. युद्धविरामानंतर ती माणेकशांच्या हाती आली.

नऊ वर्षांनी हीच चौथी कोअर, तोच क्रमांक, पण हात-पाय वेगळे: ८, २३ आणि ५७ या तीन माउंटन डिव्हिजनी. मुख्यालय तेजपूरहून त्रिपुरात तेलियामुऱ्याला हलवलेलं, प्रमुख सगतसिंग. डिसेंबर १९७१मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरांतून मेघना नदी ओलांडली. त्याच युद्धासाठी पश्चिम बंगालात कृष्णनगरला २ क्रमांकाची कोअर नव्याने उभी केली गेली, तापीश्वर नारायण रैनांच्या हाताखाली. आज ती अंबाल्याला आहे. बंगालच्या भातशेतीतून पंजाबच्या वेशीवर, आणि तरी तीच. श्रीलंकेतून परतलेल्या शांतिसेनेच्या मुख्यालयातून १९९०मध्ये २१वी कोअर तयार झाली, तेव्हा तर आधी डोकं होतं आणि शरीर नंतर आलं. म्हणून 'कोअर मुख्यालय' म्हणजे कोअरचं मोठं ऑफिस एवढंच समजू नये. 'हे नव्व्याण्णव कुठं आलं' हा आजीचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याला उत्तर नव्हतं.

मराठी शब्दाबद्दल. 'तुकडी' हा वर्तमानपत्रांचा लाडका शब्द. दहा जवान गस्तीला गेले तरी तुकडी, डिव्हिजन हलली तरी तुकडी. हजारोंच्या हजारो माणसांना तुकडी म्हटलेलं मला तरी बघवत नाही. तुकडी म्हणजे पाचवी ब.

दुसरी सूचना अक्षौहिणीवाल्यांकडून येते. पत्ती, सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी अशी तिपटीने चढणारी ही उतरंड, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. तिच्यात रथ, हत्ती, घोडे, पायदळ असे सगळे घटक मोजले तर वाहिनी होते ८१०ची, म्हणजे आजच्या बटालियनच्या आसपास. हे मला फार आवडतं. पण अनीकिनी बरोबर २१,८७० घटकांची. एक घोडा कमी असून चालत नाही. कोअरला आकडाच नाही. आज दोन डिव्हिजनी, उद्या चार. जिची ओळख आकड्यात नाही तिला आकड्यातला शब्द कसा द्यायचा? शिवाय वाहिनी आता टीव्हीची झाली आणि चमू विदर्भात डॉक्टरांची.

खरं तर मराठीने लष्करी शब्द भाषांतरित करत बसण्यापेक्षा ते गिळून टाकले आहेत. फ्रेंच 'गार्द'वरून गारदी आले, पानिपतावर इब्राहिमखानाबरोबर लढले, आणि १७७३मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांवर चालून गेले ते असे की त्या शब्दाला लागलेला डाग अजून गेला नाही. महादजींसाठी द बॉयन या युरोपीय सेनानीने कवायती पायदळाचे 'कंपू' उभे केले. आज कंपू म्हणजे साहित्य संमेलनाच्या निवडणुकीत असतो तो. बटालियनची पलटण झाली आणि मे महिन्यात मामाच्या घरी उतरली. उलट शिवकाळच्या पायदळातले नाईक आणि हवालदार आजही सैन्यात हुद्दे म्हणून शाबूत आहेत. कोअरला अजून तसं मराठी अंगवळणी पडणं लाभलेलं नाही, एवढंच.

तेव्हा लिहायचं काय? माझं मत: कोअर. आपण स्टोअर, स्कोअर लिहितो त्याच न्यायाने. 'कोर' हे हिंदी वळण, तिथे स्टोर आणि स्कोरही आहेत. सैनिक बोलताना कोर म्हणतात आणि त्यांच्या तोंडी ते शोभतं, पण मराठी लेखनात कोर आधीच चंद्राची आणि भाकरीची आहे. गाभ्याशी घोटाळा टाळायचा तर क्रमांक किंवा नाव जोडावं: '१४व्या कोअरचे कमांडर', 'चिनार कोअरचं श्रीनगरचं मुख्यालय'. नुसतं 'कोअर कमांडर' पहिल्याच वाक्यात टाकू नये. शाखेच्या अर्थी असेल तर कोअर शब्द बहुतेक वेळा गाळताच येतो: 'ते सिग्नल्समध्ये होते' पुरेसं आहे. एनसीसीचं आपण 'राष्ट्रीय छात्रसेना' केलं तेव्हा तिथलीही कोअर (नॅशनल कॅडेट कोअर) अशीच सुखाने विरघळली.

लिंग स्त्रीलिंगी, ब्रिगेड आणि डिव्हिजनसारखंच: ती कोअर, चौथी कोअर, तिचं मुख्यालय. अनेकवचनात रूप बदलू नये. 'दोन कोअरी' असं एका ठिकाणी वाचलं आणि मला भाकरीच आठवली.