राजवाड्यात मुक्काम, तोही पत्त्यांच्या!

प्रश्न : मे महिन्यात गोव्याला जाताना आम्ही सावंतवाडीला थांबणार आहोत. नणंद म्हणते की तिथे राजवाड्यातच राहायची सोय झालीय, सकाळी नाष्टा वगैरे. खरंच जुनं आहे का नुसतं हेरिटेजचं बोर्ड? आणि हे गंजिफा काय प्रकरण आहे? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर : नाही हो, बोर्डापुरतं नाही, चांगलं अस्सल जुनं आहे. राजवाडा सावंतवाडीचे राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळातला, आणि त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३, म्हणजे बघा. जांभ्या चिऱ्याचं बांधकाम, समोर मोती तलाव. या खेम सावंतांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी झालं होतं, पुढे दिल्लीच्या बादशहाने त्यांना राजेबहादूर असा किताब दिला आणि तो कोल्हापूरकरांच्या डोळ्यात इतका खुपला की लढाईच जुंपली! मानपानावरून भांडणं आपल्याकडे फक्त लग्नातच होतात असं नाही.

१९४८ ला संस्थान विलीन झालं, ते सोडा, खरी गोष्ट त्यानंतरची आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. सावंतवाडीचे दशावतारी, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२०. छापील पत्ते आले आणि हे रंगवणारे चितारी जवळजवळ संपलेच, मग १९७० च्या सुमारास इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशिलादेवी यांनी एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती विद्या शिकून घेतली, दोघं स्वतः शिकले हं, आणि दरबार हॉलमधेच कारागीर बसवून काम सुरु केलं. त्यामुळे वाड्याचं हॉटेल झालं म्हणून कोणी नाकं मुरडली तर मला हसू येतं, दरबाराचा कारखाना तर पन्नासेक वर्षांपूर्वीच झालाय, आणि कोकणातल्या पावसात एवढं मोठं कौलारू सांभाळायचं तर पैसा कुठून तरी यायला हवाच ना. आता आवारातल्याच जुन्या भागाची डागडुजी करून मोजक्या खोल्या केल्यात, सजावट अर्थात गंजिफाची. मोजक्या आहेत म्हणून मे महिन्यासाठी आत्ताच फोन करा, आणि दर ऐकून दचकू नका, कोपऱ्यावरचं लॉज नाहीये ते.

राहायला नाही जमलं तरी दरबार हॉल तिकीट काढून बघता येतो, पत्ते रंगवताना दिसतात. लाकडी खेळणी मात्र चितार आळीत बघा.

पत्ते घेतलेत तर खेळा पण, नुसते शोकेसमधे नका ठेवू. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या राजाची. आणि निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा, तिथे हमखास भांडण. तीन जण लागतात, नणंदेला पण न्या.